वरपासून खालपर्यंत

आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मला आजकाल कोणी हवामान विचारत नाही. विचारलंच, तर पुढे डोळा मारणारा चेहरा असतो. याला कारण मी लिहिलेलं एक वाक्य. त्यात एकही शब्द खोटा नव्हता, हे मी कुठेही शपथेवर सांगेन. पण ते वाक्य कळायचं तर आधी माझा गुडघा समजून घ्यायला हवा.

मी नागपूरची, उन्हाळाभर कूलरसमोर उशी टाकून वाढलेली. ग्लासगोला येऊन तीस वर्षं होत आली, त्यातली पहिली वीस मी थंडीशी भांडण्यात घालवली. घरातून फार्मसीत, फार्मसीतून घरी, मधे गाडीचा हीटर. मुलगी इथेच जन्मली, शाळेच्या ट्रिपमध्ये स्की शिकली, आणि एकदा जेवताना म्हणाली, "आई, तुला नाही जमणार. तू बर्फ बघितली की शाल शोधते." बघितली नाही, बघितला, एवढंच मी तेव्हा बोलले. पण "तुला नाही जमणार" हे वाक्य मला कोणी ऐकवलेलं चालत नाही. लहानपणी याच वाक्यामुळे मी विहिरीत उडी मारून पोहायला शिकले होते.

तर पन्नाशी उलटल्यावर मी ड्राय स्लोपवर नाव घातलं. ड्राय स्लोप म्हणजे टेकडीवर अंथरलेली ब्रशसारखी प्लॅस्टिकची चटई. तिच्यावर पडलं की कोपरं सोलून निघतात. आठ-आठ वर्षांच्या पोरांच्या रांगेत मी एकटी चष्मेवाली. माझी थोरली बहीण फोनवर म्हणाली, "साठी बुद्धी नाठी ऐकलं होतं गं, तुझी पन्नाशीतच गेली का?" नवरा म्हणाला, "उतारवयात उतारावर जायची हौस आहे, जाऊ दे." हा विनोद त्याने पुढे किमान तीनशे लोकांना ऐकवला.

चटईवरून मी खऱ्या डोंगरावर गेले. ग्लासगोहून दोन तासांवर एक जुनं, लहानसं स्की सेंटर आहे. एक चेअरलिफ्ट, धरून वर जायच्या दोन ओढदोऱ्या, एक कॅफे आणि तिकिटाचं खोपटं. तिकीट देण्यापासून लिफ्टचं बटण दाबण्यापर्यंत सगळं बघणारा एक उंच, कमी बोलणारा म्हातारा. तिथल्या नवशिक्यांच्या उतारावर मी सहा हिवाळे काढले. माथ्यावरून निघून थेट कॅफेच्या दारात यायचं मात्र राहून गेलं. कधी धुकं, कधी वारा, आणि एका वर्षी, खरं सांगते, नुसती भीती. "पुढच्या वर्षी नक्की," असं म्हणायची मला सवयच लागली.

मग उजवा गुडघा गेला. बरेच महिने गुडघा बदलायच्या ऑपरेशनच्या यादीत थांबल्यावर एप्रिलची तारीख मिळाली. सर्जन सभ्य माणूस. म्हणाला, नव्या गुडघ्यावर चाला, पोहा, बागकाम करा, पण स्की मी तरी सुचवणार नाही. मी त्याच्याकडे बघून गोड हसले आणि मनातल्या मनात आठवडे मोजले. वरून खाली यायला मला एकच हिवाळा उरला होता.

आणि नेमका त्याच हिवाळ्यात बर्फ आला नाही.

डिसेंबर पावसात गेला. जानेवारीत डोंगर तपकिरीच. मी रोज सकाळी दात घासायच्या आधी त्यांचा वेबकॅम बघायची. वारा आणेल तो बर्फ अडवायला उतारभर लाकडी पट्ट्यांची कुंपणं घातलेली असतात. त्यांच्या आड त्या वर्षी हरणं बसलेली दिसायची. नवरा माझ्या खांद्यावरून डोकावून म्हणायचा, "नाचता येईना अंगण वाकडं." अहो, अंगण वाकडं असतं तरी नाचले असते, इथे अंगणच नव्हतं! ऐपत असलेली मंडळी विमानाने आल्प्सला गेली. स्की शिकवणारी मुलं एकेक करून दुसरीकडे कामाला लागली. कॅफेवाली बाई सूपचं लहान पातेलं चढवायची आणि तेही उरायचं. मी दर शुक्रवारी त्या म्हाताऱ्याला फोन करायची. तो दर शुक्रवारी "नाही" म्हणायचा, आणि मी त्याला गुडघ्याचं रडगाणं ऐकवून फोन ठेवायची.

फेब्रुवारीच्या शेवटी मराठी भाषा दिन येतो. त्या आठवड्यात आमच्या ग्रुपवर नियम असतो की निव्वळ मराठीत लिहायचं. इंग्रजी शब्द ज्याच्याकडून जाईल, त्याने पुढच्या कार्यक्रमाला सगळ्यांसाठी बटाटेवडे तळायचे. एका बिचाऱ्याने सोमवारीच "ओके" लिहून वडे ओढवून घेतले होते. त्याच आठवड्यात कोणीतरी मला विचारलं की ताई, रविवारी मुलांना घेऊन डोंगरावर जायचा विचार आहे, काय परिस्थिती?

मी फोन केला. म्हातारा म्हणाला, पाऊस पडला आणि त्यावर कडक थंडी पडली, त्यामुळे वरपासून खालपर्यंत काच झाली आहे. आइस, नुसता आइस. स्की नाही, स्केट्स आणा. मी ताबडतोब ग्रुपवर लिहिलं:

"डोंगरावर चौकशी केली. वरपासून खालपर्यंत नुसता बर्फ! जाणाऱ्यांनी जपून जावं."

झालं. इशारा दिला, वडे वाचवले, आणि मी शनिवारच्या ड्यूटीला निघून गेले. बोलताना आम्ही सगळेच स्नोला स्नो म्हणतो, त्यामुळे माझ्या डोक्यात बर्फ म्हणजे फ्रिजच्या ट्रेमधला, उसाच्या रसातला. बाकीच्यांच्या डोक्यात बर्फ म्हणजे काश्मीर. ध चा मा मी केला नव्हता. ध तोच होता, वाचणाऱ्यांनी मा वाचला.

रविवारी सकाळी चहा गाळत होते तर म्हाताऱ्याचा फोन. "तुमची माणसं आली आहेत," तो म्हणाला.

"माझी कशावरून?"

"तुमचीच असणार. डबे फार मोठे आहेत."

दोन तास गाडी चालवून आम्ही पोचलो. नवरा वाटभर हसत होता, मी वाटभर त्याला हसू नका म्हणून सांगत होते. पार्किंगमध्ये बारा कुटुंबं. नवेकोरे स्कीचे कपडे, प्लॅस्टिकच्या घसरगाड्या, आणि कानटोपीवर मफलर बांधलेल्या आमच्या अध्यक्षबाई. समोर आख्खा डोंगर उन्हात काचेसारखा चकाकत होता. त्यावर मुंगीला पाय ठेवता आला नसता.

पुण्याचा एक सॉफ्टवेअरवाला पुढे आला. "ताई, बर्फ कुठे आहे?"

"हा काय समोर. वरपासून खालपर्यंत."

"हा आइस आहे, ताई!"

"मग मराठीत आइसला काय म्हणतात?"

त्याने फोन काढून माझं वाक्य पुन्हा वाचलं. "पण मग तुम्ही 'स्नो नाहीये' असं लिहायचं ना!"

"आणि वडे कोण तळणार होतं, तू?"

अध्यक्षबाई म्हणाल्या, "अहो, हिम लिहायचं." मी म्हटलं, "बाई, हिम शब्द तुम्ही शेवटचा कधी उच्चारलात?" त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला आणि त्यांनाच हसू फुटलं. त्या हसल्यावर सगळेच सुटले. माझं व्हायचं ते हसं झालं, पण बारा कुटुंबं उपाशी परतायला काही आली नव्हती.

डबे उघडले. गाडीच्या बॉनेटवर पुऱ्या, बटाट्याची भाजी, दडपे पोहे. थंडीने चटणी गोठली ती चमच्याने खरवडून खाल्ली. मुलांना खालच्या सपाट जागेवर म्हाताऱ्याने कुदळीने बर्फ फोडून दिला, तिथे ती पार्श्वभाग शेकून निघेपर्यंत घसरली. मोठ्यांनी चेअरलिफ्टची तिकिटं काढली आणि नुसतं वर जाऊन, गारठून, फोटो काढून खाली आले. मग सगळे गरम व्हायला कॅफेत. दुपारी दोनला कॅफेवालीचं सूप संपलं, तीनला केक संपला, आणि चारला ती बाहेर येऊन आमच्या पुऱ्या खात उभी राहिली. असा दिवस या मोसमात एकही आला नाही, म्हणाली. त्या दिवशी मला फार बरं वाटलं. माझा उतार जिथल्या तिथे होता, महिना संपत आला होता, तरीही बरं वाटलं.

निघताना म्हातारा गाडीपाशी आला. माझ्या गुडघ्याचं त्याला ठाऊक होतं, दर शुक्रवारी ऐकतच होता. म्हणाला, एक वारा आला तरी पुरे. आला की मी फोन करतो, या वेळी तुम्ही करू नका.

मार्चच्या मध्यावर तो फोन आला. रात्रीत बर्फ पडला होता, आणि वाऱ्याने तो सगळा झाडून घळीत भरला होता. "उद्या टिकेल. परवा पाऊस. त्यानंतर आम्ही बंद."

मुलीने ऑफिसात सुट्टी टाकली आणि गाडी चालवली. वाटेत एकदाही शिकवू नको म्हणून मी तिला बजावलं. चेअरलिफ्टवर बसले तेव्हा खाली सगळं काळंतपकिरी गवत, आणि मधून वाहणारी एक पांढरी पट्टी. रुंदी म्हणाल तर साडी आडवी अंथरावी एवढी. माथ्यावर उतरले आणि खाली बघितलं. या पट्टीच्या कडेला दगड होते आणि माझ्याकडे एकच चांगला गुडघा होता.

मी निघाले, मुलगी माझ्या मागे. स्कीची टोकं जवळ, टाचा फाकलेल्या, नवशिक्यासारखी, लाज न बाळगता. बर्फ ओल्या साखरेसारखा होता, वळायला सोपा. पहिलं वळण, दुसरं, पाचवं. मग पट्टी संपली आणि गवत लागलं. स्की काढल्या, पंधरा पावलं चालले, पुन्हा घातल्या. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा स्की घालताना गुडघ्यातून अशी कळ गेली की मी मराठीत जे बोलले ते मुलीला सुदैवाने कळलं नाही.

चेअरलिफ्टच्या मधल्या स्टेशनपाशी घळ संपली. तिथून खाली नुसता चिखल आणि गवत. त्या वर्षी सगळेच तिथे लिफ्टमध्ये बसून खाली जात होते. मुलीने माझ्या स्की उचलल्या. "आई, झालं. तू केलास. आता चेअरने जाऊ. तुझी गुडघा बघ, किती सुजली."

केलंस, सुजला. माझ्या तोंडाशी आलं होतं, पण तिचे डोळे भरले होते. ती घाबरली होती. मला तोवर वाटत होतं की हे माझं एकटीचं खूळ आहे.

"मला कॅफेच्या दारात जायचंय," मी म्हटलं.

"आई, इथे स्नो नाहीये!"

"मग चालत जाऊ."

तिने डोळे पुसले. मग माझ्या दोन्ही स्की स्वतःच्या स्कींबरोबर खांद्यावर घेतल्या आणि पुढे झाली. त्या दगडासारख्या बुटांतून मी तिच्या पावलात पाऊल टाकत उतरले. अर्धा तास लागला असेल. दोनदा बसले. एकदा ती उलट आली आणि माझ्या काखेत हात घालून उभी राहिली, लहानपणी घरच्या जिन्यावर मी तिला धरायची तसंच.

कॅफेच्या वरच्या कुंपणाआड जो काही बर्फ साठला होता, तो म्हाताऱ्याने फावड्याने ओढून दारापर्यंत पसरला होता. मुलांच्या घसरगाड्यांसाठी, असं तो म्हणाला. त्या दिवशी तिथे एकही मूल नव्हतं. मी शेवटच्या वेळी स्की घातल्या, वीसेक हात घसरत गेले आणि दाराच्या पायरीपाशी थांबले. पडले नाही.

"वरून?" त्याने विचारलं.

"वरून. पण तुकड्यातुकड्यांत."

"या वर्षी कोणीच अख्खं आलं नाही," तो म्हणाला आणि माझ्या स्की काढायला खाली वाकला.

मी रडले, अगदी मोठ्याने. कॅफेवाली सूप घेऊन बाहेर आली, मला बघून परत आत गेली आणि केकही घेऊन आली. मुलगी माझ्या शेजारी पायरीवर टेकली, गुडघ्यावर ओंजळभर बर्फ दाबून धरला आणि फार दुखतंय का म्हणून विचारलं.

"फार," मी म्हटलं. "आता खुशाल कापा म्हणावं."