फुलकिड्याच्या केसाची जागा

किड्याच्या अंगावरचे केस मोजण्यात जवानी घालवणारा माणूस सबंध चंदीगडात एकच होता, आणि तो नेमका आमच्या बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या एकट्या खोलीत, भाड्याने राहायला आला. मुलगा इथल्या कॉलेजात शिकवायला लागला म्हणून मी साताऱ्याहून आले. हा जळगावकडचा, फुलकिड्यांवर प्रबंध लिहायला आलेला. फुलकिडा म्हणजे तिळाहून बारीक, पिकाचा रस शोषणारा किडा. गावी आम्ही त्यावर राख टाकायचो आणि विसरायचो. हा विसरत नव्हता. सेक्टरात घरोघरी केबल आली, सगळे टीव्हीला डोळे लावून बसले, हा मायक्रोस्कोपला.

सकाळी उठला की माझी चहाची पांढरी बशी घेऊन मागच्या वांग्यांत शिरायचा. बशीवर फूल झटकायचा, पिवळा ठिपका पळाला की ओल्या कुंचल्याने टिपायचा. शेजारच्या दोन सरदारणी बहिणी मला चार वर्षांत वेगळ्या ओळखता आल्या नाहीत; याने दुसऱ्याच दिवशी सांगितलं, "आजी, धाकटीच्या भुवईत एक केस उलटा आहे." जेवायला बोलावलं तर भरल्या वांग्याचं देठ आधी उजेडात धरून बघायचा. मी म्हणायचे, "मेल्या, मसाल्यात शिजलाय तो. आता कसली जात बघतोस?"

पण जातीवरच त्याचं सगळं अडलं होतं. वांग्यावरचे पिवळे फुलकिडे एकाच जातीचे नाहीत, दोन आहेत, असं त्याचं म्हणणं. प्रबंधाला त्याचे गाईड असलेले साहेब म्हणत, एकच. फरक केवढा? डोक्यावर तीन बारीक डोळ्यांचा त्रिकोण असतो. केसांची एक जोडी एका जातीत त्रिकोणाच्या आत, दुसरीत बाहेर. बस. साहेबांनी नाही म्हटलं की तीन वर्षं पाण्यात.

एका रविवारी साहेब वर आले. याने आतल्या केसांच्या जातीच्या काचपट्ट्या लावल्या आणि याचा चेहरा उतरला. घाईत वरची काच जोरात दाबली होती. सगळ्या किड्यांच्या डोक्यावरचे नेमके तेच केस मोडलेले.

"ओ भाई, बाल कहाँ हैं?" साहेब म्हणाले.

"टूट गए, सर."

"तो थीसिस में क्या लिखोगे? टूट गए?"

मी चहा घेऊन उभी होते. मला राहवलं नाही. कानाची पाळी ओढून म्हटलं, "सर जी, मैंने कुडी बीस साल से नहीं पहनी. भोक गया क्या?"

हा आधी माझ्या कानाकडे बघत राहिला, मग ओरडला, "आजी! खळगी!" एवढे शिकलेले दोघं, पण केस शोधता शोधता केसाची जागा विसरले होते; केस मोडला तरी तो उगवतो ती खळगी राहतेच. त्याने मायक्रोस्कोपचा बारीक स्क्रू केसभर फिरवला. साहेब वाकले. चहावर साय धरली तरी वाकलेलेच.

"हैं," शेवटी म्हणाले. "दोनों गड्ढे हैं. तिकोन के अंदर." मग बाहेरच्या केसांची पट्टी मागितली, पुन्हा पहिली लावली, आणि याच्या पाठीत असा धपाटा घातला की याचा चष्मा खाली पडला. "दो ही हैं, यार! पक्का दो!"

नंतर मलाही दाखवलं. मला माझ्याच पापण्या दिसल्या. पण मी दिसलं म्हणाले. त्या दिवशी खोटं बोलायला काही वाटलं नाही. संध्याकाळी त्याने सेक्टरभर जिलबी वाटली. कशाची, हे त्या बहिणींना शेवटपर्यंत कळलं नाही.

प्रबंध झाला, नोकरी दक्षिणेत लागली. जाताना बशी घासून परत दिली. मी तिच्यात चहा ओतत नाही. वांग्याला फूल आलं की बशीवर झटकते. पिवळे ठिपके पळतात. कोण कुठल्या जातीचा, मला काय कळणार? बरसातीकडे तोंड करून हाक मारायची सवय मात्र गेली नाही.