रेश्माचा डबा

निमगाव केतकीहून एसटीनं येणारे पोरींचे डबे बारामती स्टँडवर उतरवून घ्यायचे अन् हॉस्टेलला पोचवायचे, हे दत्तोबाचं काम. कोरोनात हॉस्टेल घाईघाईनं रिकामं झालं. विद्यापीठानं तास, परीक्षा, पदवीदान सगळं मोबाईलवर पार पाडलं. निमगावची रेश्मा घरबसल्या पहिली आली. तिचा रिकामा डबा मात्र दत्तोबाकडंच राहिला.

एसटी पुन्हा सुरू झाल्यावर बायको म्हणाली, "पेढे घाला अन् द्या की कंडक्टरजवळ. रिकामा डबा माघारी धाडू नये."

"तुला काय कळतंय," दत्तोबा खेकसला. "डबा गेला की पोरीला हितं यायला कारणच उरायचं न्हाय."

अजून निमगावची गाडी लागली, की तो आधी उतरणाऱ्या पोरींकडं बघतो, मग डब्यांकडं.