टकटक गेली का?

हडपसरच्या कालव्याजवळ त्यांचं गॅरेज आहे. सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. हौसेनं घेतलेली जुनी, खिळखिळी मोटरसायकल ढकलत मी तिथे नेली, तेव्हा ते म्हणाले, "वा! वजनावर घेतलीत का?"

इंजिन चालू करून ते लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक सिलिंडरला लावत आणि मूठ कानाला. आतली टकटक नेमकी कुठून येते, ते असं ऐकून ठरवत. मध्येच कोणी बोललं, की "आपलं होऊ द्या, मी थांबतो," म्हणून इंजिनच बंद करत.

दिवाळीनंतर गेलो, तर मूठ कानाला नव्हती. ती त्यांनी दातांत धरली होती आणि डोळे मिटले होते. मागे टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, पण त्यांनी वळूनही पाहिलं नाही. मला कळलं. विचारायचा धीर मात्र झाला नाही.

नवा पिस्टन बसवल्यावर माझी गाडी पहिल्याच किकला सुरू झाली. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"टकटक गेली का?"

"गेली."

"मला बरं वाटावं म्हणून सांगू नका."

मी वाकून पुन्हा ऐकलं. इंजिन एका लयीत चाललं होतं. मी मान हलवली.

हात पुसत ते बाकावर थांबलेल्या गिऱ्हाइकाकडे गेले आणि नको तितक्या मोठ्यानं म्हणाले, "गाडी दुसरीकडे न्या. मला ऐकू येत नाही."

तो माणूस खो खो हसला. त्याला वाटलं, मिस्त्रींचा नेहमीचा तिरकसपणा.