बार्बाडोसच्या जावयाचा व्हिसा

कुठल्या देशाच्या माणसाला कुठल्या देशात व्हिसाशिवाय शिरता येतं, हे आमच्या मामेसासऱ्यांइतकं जगात कुणालाच ठाऊक नाही, अगदी त्या देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांनाही नाही. स्वतः ते मखमलाबादला गुलाब पिकवतात आणि मनमाडच्या पुढे फारसे गेलेले नाहीत. पण लग्नाच्या पंगतीत त्यांच्या शेजारी बसलात, तर मठ्ठा येईपर्यंत त्यांचा जपान सांगून झालेला असतो. पत्रिका खोटं बोलेल, पासपोर्ट बोलणार नाही, असं त्यांचं ठाम मत. माझ्या मित्राने मुलासाठी स्थळ सुचवा म्हटलं, तर यांचा पहिला प्रश्न, "पासपोर्ट कुठला?" मुलगा सिन्नरचा होता आणि शिर्डीपर्यंत जाऊन आला होता.

त्यामुळे माझी मेहुणी मेघना, म्हणजे मामांची लाडकी भाची, कॅनडात शिकताना बार्बाडोसच्या केविनच्या प्रेमात पडली, तेव्हा सगळं घर हबकलं आणि एकटे मामा खूश झाले. "लय भारी पासपोर्ट हाय पोराचा," ते माझ्या सासूबाईंना म्हणाले. "इंग्लंडला जातो, सगळ्या युरोपात जातो, कुणी अडवत नाय. अमेरिकेला तेवढा व्हिसा लागतो, पण तो आपल्यालाबी लागतोच की." लग्न ठरलं ते मामांच्या या शब्दावर.

लग्न आठवड्यावर आलं आणि मेघनाला केविनचा फोन आला. भारताचा व्हिसा नाही म्हणून त्याला विमानतळावरूनच परत पाठवलं होतं. मामा एवढं छातीठोक सांगतात म्हणजे आपला पासपोर्ट सगळीकडे चालतो, असं बिचाऱ्याला वाटलं होतं. आणि मामांनी साऱ्या जगाचे नियम पालथे घातले होते, फक्त आपल्याकडे यायला काय लागतं ते कधी पाहिलंच नव्हतं. "पाव्हण्याला आपल्याकडं यायला कसली परवानगी?" एवढंच ते म्हणाले आणि गप्प झाले. त्यांना गप्प बसलेलं मी प्रथमच पाहत होतो, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

मग मात्र त्यांनी केविनला फोनवर धरून ऑनलाइन अर्ज भरायला लावला. भारतातल्या ओळखीच्या माणसाचं नाव विचारलं होतं, तिथे स्वतःचं घालायला लावलं. नंतर गुलाबांच्या बांधावर फोन मांडीवर घेऊन बसून राहिले. व्हिसा मंजूर झाल्याचं कळलं, तेव्हा एक चप्पल चिखलात सोडून धावत आले. लग्नाचा बँड त्याच दुपारी बोलावला. व्हिसाची प्रिंट ताटात ठेवली, बायकांकडून ओवाळून घेतली आणि मारुतीच्या देवळापर्यंत वाजतगाजत मिरवली. नवरदेव आला समजून निम्मं गाव बघायला जमलं. "भारत सरकारनं मंजूर केलाय," मामा प्रत्येकाला सांगत होते, जणू सरकारने आधी यांनाच विचारलं होतं.

केविन आला, लग्न झोकात झालं. भाचीला अंतरपाटापाशी आणताना मामांची छाती सदऱ्यात मावत नव्हती.

दोघे परदेशी निघाले त्या सकाळी मेघना गाडीत जाऊन बसली होती. मामांनी केविनचा पासपोर्ट मागून घेतला, आपल्या देशाचा शिक्का बराच वेळ न्याहाळला आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "जावईबापू, हा व्हिसा वाढवून मिळत असंल का हो?"

मिळत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मी म्हटलं, "बघू मामा, विचारून बघू."