तीन फुटांचे आजोबा

आमच्या आईने चाळीस वर्षं शाळेत शिवण शिकवलं. आता वर्ग नाही, म्हणून सगळी चौकशी आमच्या मानगुटीवर. कुकरची शिट्टी तीनदाच का, लिफ्टला वजन कसं कळतं, एक ना दोन!

आजोबांचा, म्हणजे तिच्या वडिलांचा, सायकलच्या दुकानातला फोटो तिला तीन फूट रुंद हवा होता. आजोबा हसलेले तेवढ्या एकाच फोटोत. तो मामाने कॅमेऱ्याने काढून फोनवर पाठवलेला. त्यानंतर चार वर्षं भावाबहिणीचं बोलणं बंद! कारण मला विचारू नका, दोघंही नाकावर माशी बसू न देणारे. पण मामाच्या आठवणीने ती झुरते, हे मला दिसत होतं.

फोटोवाल्याने दुकानातल्या कॉम्प्युटरवर फोटो मोठा केला, तर मिशीचे नुसते चौकोन झाले.

"अगं बाई! हे काय?"

"मावशी, यात आडवे बाराशेच ठिपके आहेत. छापायला इंचाला तीनशे लागतात. भिंतीवर लांबून बघायचं तर दीडशेही चालतील."

"मग तो इंचाला किती ठिपके विचारणारा रकाना आहे ना, त्यात तीनशे लिही की!"

त्याने मुकाट्याने लिहिलं. आजोबा चार इंचांचे झाले. मी फिस्सकन हसले. आई मात्र स्क्रीनला नाक लावून बघत होती.

"अस्सं! टाके तेवढेच, फक्त कापड बारीक विणीचं घेतलं. मग चित्र लहानच होणार. बाकीचे टाके गेले कुठे?"

"फोनवरून पाठवताना उडाले. कॅमेऱ्याच्या कार्डात सहा हजारसुद्धा असतील. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, जसाच्या तसा येईल."

आईने बोटांवर हिशेब केला. "छत्तीस इंच... इंचाला एकशे सहासष्ट. पुरले की!"

दोन दिवस ती फोनभोवती घुटमळली. तिसऱ्या दिवशी मीच चिडून मामाचा नंबर लावला आणि स्पीकर चालू केला.

"मी बोलतेय," आई म्हणाली. "बाबांचा तो फोटो हवाय. कार्डातला."

"लगेच पाठवतो," मामा म्हणाला.

"फोनवरून नको. टाके उडतात. कार्ड घेऊन तूच ये."

"अगं, पण डॉक्युमेंट..." मी तोंड उघडलं. तिने माझ्याकडे बघून डोळे वटारले.

मग मामा हळूच म्हणाला, "ताई, रविवारी आलो तर चालेल?"

"उद्याच ये रे," आई म्हणाली, आणि तिला रडूच फुटलं.