मुळेसाहेब आणि काकूंचं घड्याळ

मुळेसाहेब दोन्ही मनगटांवर एकेक घड्याळ बांधून लालबाग राजवाड्याच्या कुंपणाला फेऱ्या मारायचे, आणि वर तोंडानं पावलंही मोजायचे. आम्ही पळणारी मंडळी मनसोक्त हसायचो. सरकारी नोकरीत जमिनी मोजण्यात हयात गेलेला माणूस. दुसऱ्यानं सांगितलेल्या अंतरावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "आज दहा किलोमीटर झाले," असं मी म्हटलं रे म्हटलं की लगेच, "किसने नापा, भिया?"

घड्याळं आमचीच, मागून घेतलेली. हे वेड कशासाठी, ते शेजारी राहूनही मला उशिरा कळलं. मुळेकाकूंना विस्मरणाचा आजार होता. दार उघडं दिसलं की त्या निघून जायच्या. एकदा तर पाच तास सापडल्या नव्हत्या. साहेबांना काकूंच्या हातात असं घड्याळ हवं होतं, जे त्या कुठे आहेत ते यांच्या फोनवर दाखवेल. स्वस्तातली दोन त्यांनी आणून परत केली. "अरे, पूरी एक गल्लीचा फर्क दाखवतं! एवढ्या फर्कात माणूस गायब होतो." म्हणून मग पळणाऱ्यांची महागडी घड्याळं. वहीत रकाने आखले: बॅटरी किती दिवस, झाडाखाली नेम किती चुकतो, पाण्यात टिकतं का, स्वतःचं सिम आहे का. महिनाभर त्यांनी असा घोळ घातला की मी वैतागून म्हटलं, "साहेब, आता घ्या एखादं."

"एकच बायको आहे, भिया," ते शांतपणे म्हणाले. "चुकून चालणार नाही."

शेवटी घेतलं. बरेच दिवस झकास चाललं. काकू अन्नपूर्णेच्या देवळात गेल्या की साहेब फोन बघून, हातातला चहा संपवून, निवांत आणायला जायचे. मग रबरी पट्ट्यानं काकूंच्या मनगटावर पुरळ उठलं. चामड्याचा लावा, दिसेलही चांगला, असं मी सुचवलं. मीच.

त्या सकाळी साहेब आंघोळीला गेले आणि काकू निघाल्या. फोनवरचा ठिपका देवळापाशी होता, म्हणून आम्ही घाईसुद्धा केली नाही. घड्याळानं जागा अगदी अचूक दाखवली होती. पायऱ्यांखाली काकूंच्या चपला होत्या, आणि उजव्या चपलेत ते घड्याळ नीट ठेवलेलं. चामडं देवळात न्यायचं नाही, म्हणून त्यांनी काढलं होतं. आत काकू नव्हत्या. दर्शन घेऊन त्या अनवाणीच पुढे गेल्या होत्या. आम्ही गल्ल्या धुंडाळत फिरलो. दुपारी पोलिसांचा फोन आला, स्नेहलतागंजमधून. तिथे कधीकाळी काकूंचं माहेर होतं. रस्ता ओलांडताना मोटारीनं उडवलं, जागीच गेल्या.

तेराव्यानंतर मी साहेबांसमोर जाऊन बसलो. पट्टा मी सुचवला होता, एवढं म्हणतानाच मला रडू फुटलं.

"तुमचं काय चुकलं?" ते म्हणाले. "तुम्ही पळणारी माणसं. मी तर तिच्यासोबत चाळीस साल देवळात गेलो. माझा बेल्ट, पाकीट बाहेर काढायला तीच लावायची. ती काय-काय भूलते, त्याची पूरी लिस्ट केली मी. तिला काय पक्कं याद आहे, ते लिहिलंच नाही."

महिन्याभरात ते मुलीकडे भोपाळला गेले. मी त्यांना फोन करत नाही. त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या, तर केला असता.