गाण्याचं अस्तर

“मग काय, भुतं येऊन बसतात का गाडीत?” नवऱ्याने चावी टेबलावर आपटली. “पुन्हा उतरली बॅटरी. कुणीतरी आतला दिवा चालू ठेवतं, नाहीतर दार नीट लावत नाही.”

“कुणीतरी म्हणजे मी, असं सरळ म्हण की.”

“मी नाव घेतलं का कुणाचं?”

“घरात गाडी चालवणारी माणसं दोन. त्यातला एक कधी चुकतच नाही. मग उरलं कोण?”

सासरे बूट घालून दाराशी उभे होते. त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. “डोळे आज तपासायचेत की उद्या, एवढंच सांगा,” ते म्हणाले. “उद्या असेल तर मी बूट काढतो.”

“बाबा, तुम्ही जरा थांबा हो.”

“थांबलोच आहे. म्हणून तर विचारतोय.”

खिडकीजवळच्या मशीनवर सासूबाई कुणाच्या तरी पँटची कंबर उसवत बसल्या होत्या. एरवी आमच्या घरात भांडण सुरू झालं की त्या मान वर न करता त्यात आपलं एक वाक्य टाकतात, आणि ते वाक्य असं पडतं की दोन्ही बाजूंना लागतं. आज त्या टाक्यांवरच नजर लावून होत्या. मला ते जरा खटकलं, पण तेव्हा मी माझ्याच रागात होते.

इतक्यात त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि आतून हाक आली, “अहोऽऽ!”

ही हाक घरातल्या सगळ्यांच्या कानात बसलेली आहे. ती खालून सुरू होते, सरळ वर चढते आणि वर गेल्यावर क्षणभर थबकते. दूध वर आलं, वरच्या फळीवरचा डबा हवाय, गॅसवाला आलाय, कारण काहीही असो, हाक तीच. आणि सासरे कुठेही असोत, पेपरात, झोपेत, अंघोळीत, त्यांच्या तोंडून “आलो!” निघतंच. ते येतात असं नाही. पण “आलो” म्हणतात.

“आलो!” ते दारातूनच म्हणाले, आणि तिथेच उभे राहिले. दूध मी जाऊन उतरवलं.

“ते काही नाही,” नवऱ्याने निकाल दिला. “या शनिवारी नवी बॅटरी बसवतो. त्याच्याबरोबर स्टिरिओपण नवा. बिनवायरचा. ती सडकी केबल पहिल्यांदा फेकून देतो.”

तेव्हा कुठे सासूबाई बोलल्या. “केबलने काय घोडं मारलंय तुझं?”

त्या केबलची गोष्ट अशी. आमची गाडी जुनी, तिचा स्टिरिओ त्याहून जुना. फोनमधली गाणी ऐकायची तर बोटभर पिनेची एक काळी केबल लावायची, एक टोक फोनला, एक टोक स्टिरिओला. महिन्यापूर्वी कुणीतरी (पुन्हा कुणीतरी!) समोरच्या कप्प्याचं झाकण लावताना ती केबल मध्येच चेंगरली. त्यानंतर एकदा आम्ही सगळे नात्यातल्या एका आजाऱ्याला बघायला निघालो होतो. नवऱ्याने गाणं लावलं आणि गाणारी बाईच गायब. व्हायोलिनं होती, बासरी होती, मागचा कोरस होता, आणि मुख्य आवाजाच्या जागी विहिरीच्या तळातून यावा तसा बारीक घुमारा.

“बाई चहाला गेली वाटतं,” सासरे म्हणाले. आम्ही पोट धरून हसलो. नवरा पीन हलवायला लागला, तेव्हा मागच्या सीटवरून सासूबाईंनी पुढे वाकून त्याचा हात धरला. “हात लावू नको.” एवढंच. मग सबंध रस्ता त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. मला वाटलं, गाडी लागली असेल.

दुसऱ्याच आठवड्यात नवऱ्याने नवी केबल आणली होती. ती हरवली. कुठे हरवली, कुणाला कळलं नाही.

तर, भांडणाच्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याच्या गाडीची बॅटरी जोडून आमची गाडी एकदाची सुरू झाली. सासऱ्यांचे डोळे तपासून झाले, नवरा त्यांना घरी सोडून बसने ऑफिसला गेला. माझं डोकं सकाळपासूनच दुखत होतं, म्हणून मी दुपारीच कामावरून घरी परतले. इमारतीच्या तळमजल्यावर खांबांच्या मधे गाड्या उभ्या असतात. तिथून जाताना बघते तर आमच्या गाडीत कुणीतरी बसलंय. काचा बंद. डोळे मिटलेले. एक बोट हवेत धरलेलं, आणि पाठीला टेकायला घरातली उशी.

मी काचेवर टकटक केलं. सासूबाईंनी डोळे उघडले. दचकल्या नाहीत, फार तर, मी चुकीच्या वेळी आले एवढंच त्यांच्या चेहऱ्यावर होतं. दार उघडून म्हणाल्या, “बस आत. आणि दार नीट लाव, नाहीतर माझा मुलगा तुझ्या नावाने ओरडेल.”

“म्हणजे बॅटरी तुम्ही उतरवताय?”

“मी कशाला उतरवू? मी गाणं ऐकते. बॅटरी तिची ती उतरते.”

“अहो आई, सकाळी मी किती बोलणी खाल्ली!”

“खाल्लीस तशी दिलीसही. तू काही उपाशी राहिली नाहीस.”

आता सासूबाईंबद्दल थोडं सांगायला हवं. त्या कपडे बेतत नाहीत, शिवत नाहीत. शिवलेले कपडे बसवून देतात. कंबर सैल करणं, बाही आखूड करणं, अस्तर बदलणं. गेली कित्येक वर्षं दारात पिशव्या घेऊन माणसं येतात. उसवताना त्या सांगतात, हे शिवणाऱ्याला घाई होती, हे शिवणारा डावखुरा आहे. वरून झकास दिसणारा कोट आतून कसा आहे, ते बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

लग्नाआधी मात्र त्या गात असत. एकट्या नव्हे, कोरसमध्ये. रेकॉर्डिंगला मुख्य गाणारी बाई काचेच्या खोलीत, आणि या आठ-दहा मुली कोपऱ्यात एका माइकभोवती. आमच्या घरात ज्याला ‘होडीचं गाणं’ म्हणतात ते एक गाणं अजून रेडिओवर लागतं. सिनेमा कुणाला आठवत नाही, गाणं राहिलं. शेवटच्या कडव्याआधी कोरसचा एक लांब ‘होऽऽ’ आहे, त्यात आमच्या सासूबाई आहेत. सासऱ्यांचा ठरलेला विनोद असा, की मी लग्न केलं ते एका ‘हो’शी, आणि त्यानंतर तो शब्द तिच्या तोंडून पुन्हा ऐकला नाही.

गाताना त्यांना आम्ही कुणीच ऐकलेलं नाही. साधं गुणगुणतसुद्धा नाहीत. माझ्या नवऱ्याला लहानपणी त्यांनी पाढे म्हणून झोपवलंय. अजूनही सतराचा पाढा ऐकला की त्याला जांभई येते.

“ऐक,” त्या म्हणाल्या आणि फोनवर बोट टेकवलं.

होडीचं गाणं लागलं, बिनबाईचं. मी कुतूहलाने पीन बघत होते. खाली वाकून जरा आत दाबली, केबलला अंगठ्याने धरून ठेवलं, तर बाई धाडकन परत आली, आणि तिच्यापुढे बाकी सगळं मागे गेलं. सोडलं की बाई नाहीशी.

“हे असं कसं होतं?”

“ते मला काय माहीत. वरचं कापड निघालं की आतलं अस्तर दिसतं, एवढं मला कळतं. आता गप्प बस, जागा येतेय.”

व्हायोलिनं थांबली. बासरी संपत आली. आणि कोरस सुरू व्हायच्या किंचित आधी, एकच आवाज, कोवळा, सरळ वर चढलेला. मग त्याच्यावर बाकीच्या मुली येऊन पडल्या आणि तो त्यांच्यात मिसळून गेला.

“ऐकलंस?”

“कुणीतरी लवकर आलं.”

“कुणीतरी!” त्या हसल्या, पण तेवढ्यापुरतं. “तुम्हा सगळ्यांचं सकाळपासून हेच चाललंय, कुणीतरी, कुणीतरी. माझं लग्नाआधीपासून चाललंय.”

मग त्यांनी सांगितलं. त्या दिवशी गाणं झालं आणि वादकांच्या समोर उभे असलेले गृहस्थ काठी आपटून म्हणाले, डावीकडच्या टोकाची कुणीतरी आधी आली. स्टुडिओची वेळ संपली होती, पुन्हा गायला सवड नव्हती. बाईंच्या आवाजाखाली झाकलं जाईल, असं म्हणून त्यांनी ते तसंच ठेवलं. डाव्या टोकाला दोघी उभ्या होत्या, या आणि एक उंच मुलगी. त्या गृहस्थांनी बघितलं ते यांच्याकडे. पुढच्या वेळी उंच मुलीला बोलावणं गेलं, यांना नाही.

“तुम्ही सांगायचं ना, मी नव्हते म्हणून.”

“सांगितलं असतं. पण होते की नव्हते तेच मला कळेना. सगळ्या एकदम गात असताना आपला आवाज आपल्याला कुठे वेगळा ऐकू येतो? आपणच आधी आलो असं वाटतं आणि नाही असंही वाटतं.” त्यांनी गाणं मागे नेलं. “मग म्हटलं, जिला स्वतःचं कळत नाही तिने गाऊ नये. झालं. शिलाई शिकले. टाका चुकला तर निदान दिसतो.”

“आणि आता? ऐकून कळलं का?”

“तेच तर. इतके दिवस ऐकतेय, आवाज वेगळा निघतोय, स्वच्छ येतोय, पण कुणाचा आहे ते सांगता येत नाही. परवा माझाच निरोप फोनवर ऐकला तर वाटलं, ही कोण किरकिरी बाई? स्वतःचा आवाज माणसाला ओळखू येत नाही गं.”

“बाबांना ऐकवू या.”

“त्यांनी मला कधी गाताना ऐकलंय? आणि सांगून ऐकवलं तर मला बरं वाटेल तेच बोलतील. मला बरं नाही वाटून घ्यायचं. मला फक्त कळून घ्यायचंय. आणि शनिवारी हा मेला स्टिरिओच चालला.”

संध्याकाळी नवरा आला तेव्हा मी म्हटलं, “चला सगळे खाली. भूत दाखवते.” सासूबाईंनी डोळे वटारले, पण माझ्या मनात एवढंच होतं की बॅटरी का उतरते ते एकदा सगळ्यांसमोर यावं, माझ्यावरचा आळ जावा आणि स्टिरिओ काही दिवस तसाच राहावा. सासऱ्यांच्या डोळ्यांत डॉक्टरांनी थेंब घातले होते. त्यांना अजूनही सगळं धूसर दिसत होतं, म्हणून मी हाताला धरून त्यांना मागे बसवलं. सासूबाई पुढे. नवऱ्याने खबरदारी म्हणून गाडी चालूच ठेवली.

“कुठे निघालोय?” सासऱ्यांनी विचारलं.

“कुठेच नाही. गाणं ऐकायचंय.”

“त्याला घर पुरत नाही?”

होडीचं गाणं सुरू झालं. नवरा लगेच फोन काढून बाई का गायब होते ते शोधायला लागला आणि दोन मिनिटांत खूश झाला. “सापडलं! हे बघ. आतली एक तार तुटली की दोन्ही बाजूंना जे सारखं असतं ते एकमेकांना मारतं. बाई दोन्हीकडे सारखी, म्हणून ती जाते. जे एकाच बाजूला असतं ते उरतं.”

“कोपऱ्यातलं उरतं,” सासूबाई म्हणाल्या.

“हां, तसंच काहीसं.”

सासरे सीटवर मान टाकून, डोळे मिटून बसले होते. मला वाटलं, डुलकी लागली. व्हायोलिनं थांबली. बासरी संपत आली. आणि त्यांच्या कानाशी असलेल्या स्पीकरमधून तो एकटा आवाज वर चढला, होऽऽ, आणि वर जाऊन क्षणभर थबकला.

“आलो!” सासरे म्हणाले आणि दार उघडून एक पाय बाहेर टाकला.

कोरस येऊन गेला, शेवटचं कडवं सुरू झालं.

“काय झालं?” ते धूसर डोळ्यांनी आमच्याकडे बघत म्हणाले. “हाक मारलीस ना?”

“मी तोंडही उघडलं नाही,” सासूबाई पुढे बघतच म्हणाल्या.

“असं कसं? मी ऐकली. दुधाचीच होती.”

नवरा आधी हसला. मग मी. सासऱ्यांना काय चाललंय ते कळेना, तरी तेही हसायला लागले. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी गाणं मागे नेलं आणि पुन्हा लावलं. या वेळी आम्ही सगळेच कान टवकारून होतो, आणि एकदा कळल्यावर ते न ऐकू येणं शक्यच नव्हतं. तीच हाक. अंगाने सडपातळ, वयाने लहान, पण तीच.

“म्हणजे मीच होते,” त्या म्हणाल्या.

“आई, कुणाला कळतंय ते?” नवरा म्हणाला. “एवढंसं तर लवकर आहेस.”

“मला कळतंय. अर्धी मात्रा आधी. त्या माणसाने बरोबर ओळखलं होतं.” त्यांनी पुन्हा एकदा ती जागा लावली, मान किंचित कलती करून ऐकली. कुणाची तरी बाही उलटी करून टाका बघावा, तशा. “पण आवाज बघ ना काय होता. कुठे फाटत नाही, कुठे हलत नाही. आणि मी हा दुधावर घालवला.”

“दूध कधी वाचलं म्हणून?” सासरे म्हणाले. “आणि मला कुणी सांगेल का, मी आता आत बसू की बाहेर येऊ?”

वर आल्यावर सासूबाईंनी चावी फ्रिजशेजारच्या खिळ्याला अडकवली. मशीनच्या खणातून, बटणांच्या डब्याखालून एक नवीकोरी केबल काढून नवऱ्यासमोर ठेवली. त्याने केबलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ती शहाण्यासारखी खिशात घातली.

“आई, स्टिरिओ राहू देऊ का मग तोच?” त्याने हळूच विचारलं.

“नको. नवा बसव. माझं ऐकून झालं.” त्यांनी अर्धवट उसवलेली पँट मांडीवर घेतली, चष्मा लावला आणि पहिला टाका सापडल्यावर म्हणाल्या, “उद्यापासून रोज सकाळी मी गायला बसणार आहे. दार लावून. त्या वेळात दूध ज्याचं त्याने बघायचं.”